सावडीची वाकळ : कमी खर्चात शिवणदिवस आणि मुक्कामी शिबिर कसं भरवायचं

वाकळ म्हणजे जुन्या साड्यांचे थर शिवून केलेली गोधडी. कोल्हापूरच्या आम्ही बायका मिळून ती शिवायला बाहेरगावी मुक्कामाला गेलो, ती पहिली फेरी साफ फसली. ऑगस्टचा महिना, पन्हाळ्यावर धुकं, खोल्या स्वस्त. नऊजणी पिशव्या भरभरून साड्या घेऊन गेलो. चार वाजताच अंधारून आलं, कापड हाताला ओलसर लागायला लागलं, आणि एकाच बोर्डावर दोन इस्त्र्या लावल्यावर वीजच गेली. दोन दिवसांत तयार काय झालं? कच्चे टाके घातलेली अर्धी वाकळ. घरी आणली तेव्हा तिला कुबट वास येत होता.

गल्लीतल्या आक्कांना हे सांगितलं तर त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "आगं, पर किती दोरा घालायचा हाय त्येचा हिशेब केलता काय?"

नव्हता केला. जागा ठरवली, जेवण ठरवलं, आणि कामाचं माप शेवटपर्यंत कुणी काढलंच नाही. आता आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी टाके मोजायचे, मग माणसं, मग महिना, आणि जागा सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे.

आधी टाके मोजा

एका माणसाची वाकळ पाच फूट बाय सात फूट धरा. धावदोऱ्याच्या, म्हणजे साध्या सरळ टाक्यांच्या, दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं, तर पाच फुटांत साठ ओळी बसतात. साठ ओळी गुणिले सात फूट म्हणजे ४२० फूट धावदोरा. ओळी सरळ घाला नाहीतर कडेने गोल फिरत आत जा, लांबी साधारण तेवढीच भरते.

आता वेग. हात बसलेली बाई चार थरांतून तासाला वीसेक फूट दोरा घालते. नवखी दहा फूट घालते, तेही टाके वाकडे आले तरी उसवायचं नाही असं ठरवलं तर. म्हणजे एकटीने वाकळ शिवायची तर हात बसलेल्या बाईलाही एकवीस तास हवेत. पण चार बाजूंनी चौघी बसल्या, त्यात दोघी जाणत्या आणि दोघी नवख्या, तर तासाला साठ फूट होतात आणि वाकळ सात तासांत उरकते. कंबर, डोळे आणि गप्पा धरून माणूस दिवसाला चार-साडेचार तासच नेटाने शिवतो. तेव्हा चौघींची एक वाकळ म्हणजे दोन दिवसांचं काम, आणि म्हणून मुक्कामी शिबिर दोन दिवसांचं. दीड दिवसाचं ठेवलंत तर अर्धी वाकळ घरी येते, आणि अर्धी घरी आलेली वाकळ माळ्यावर जाते.

एकाच दिवसाचा कार्यक्रम असेल तर वाकळीच्या नादी लागू नका. तान्ह्या बाळाचं दुपटं घ्या. तीन फूट बाय तीन फूट, छत्तीस ओळी, १०८ फूट धावदोरा. एक जाणती आणि एक नवखी समोरासमोर बसल्या तर पावणेचार तासांत होतं. सकाळी दहाला सुरू करून संध्याकाळी पाचला हातात पुरी झालेली वस्तू घेऊन जायला मिळतं. पहिल्यांदा येणारी बाई दुसऱ्यांदा येणार की नाही, ते तिथेच ठरतं.

दोरा दुहेरी घालायचा असेल तर वाकळीला दुप्पट लांबी, शिवाय गाठी आणि आवळ धरून तीनशे मीटर राखून ठेवा. रिळावर मीटर छापलेले असतात, ते वाचून घ्या. 'एक रीळ पुरेल' हा अंदाज आमच्याकडे अजून एकदाही खरा ठरलेला नाही.

किती जणी, आणि पहिली वाकळ कुणाची

वाकळीच्या चार बाजू, म्हणून माणसं चारच्या पटीत. आठजणी कमी पडतात, कारण एक आजारी आणि एकीकडे पाहुणे हे धरलेलंच असतं. सोळाजणींना जागा मिळायची मारामार. बारा हा आकडा आम्हाला मानवला. चौघींचा एक गट, तीन गट, एका बैठकीत तीन वाकळा.

इथे सावड कामाला येते. आपल्याकडे शेतात भांगलणीला, पेरणीला सावड करतात : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. वाकळीचंही तेच करायचं. बारा बायका, वर्षात चार बैठका, प्रत्येक बैठकीत तीन वाकळा. वर्षअखेर बाराजणींच्या घरी एकेक वाकळ जाते. कुणीही कुणाला शिलाई देत नाही. स्वस्त पडण्याचं खरं कारण हे आहे. जागेच्या भाड्यात शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी आम्ही जेवढे फोन केले, तेवढ्या वेळात दोन दुपटी झाली असती.

पण सावडीत एक मेख आहे. ज्यांच्या वाकळा आधी होतात, त्यांना पुढच्या बैठकीला नेमकं लग्न निघतं. यावर आम्ही भिशीची रीत वापरतो. पहिल्याच दिवशी बारा चिठ्ठ्या टाकून चारही बैठकांचे नंबर काढायचे आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. जिची वाकळ झाली, तिने पाचशे रुपये अनामत ठेवायची आणि वर्षाच्या शेवटी परत घ्यायची. एखादीला खरंच यायला जमत नसेल तर तिने बदली माणूस पाठवावं. बहीण, सून, जाऊ, कुणीही चालेल, फक्त सुई धरता यायला हवी. एकीने एकदा नवऱ्याला पाठवलं होतं. गडी पेशाने शिंपी निघाला, दोघींचं काम एकट्याने करून गेला. तेव्हापासून 'फक्त बायका' हा नियम आम्ही वहीतून खोडला.

गट पाडताना मैत्रिणी मैत्रिणी एकत्र बसवू नका. दोन जाणत्या आणि दोन नवख्या हे प्रमाण पाळा, नाहीतर एक गट दुपारी तीनला मोकळा होतो आणि दुसरा रात्री अकरापर्यंत दिव्याखाली बसतो.

कापड : तीन साड्यांचा हिशेब

एका वाकळीला तीन सुती साड्या लागतात. पाचवारी साडी साडेपाच मीटर लांब आणि पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण एक मीटर दहा सेंटीमीटर. पाच फुटांचे दोन तुकडे कापून पन्ह्याच्या बाजूने जोडले की पाच बाय सात फुटांचा एक थर होतो. एका थराला सव्वातीन मीटरच्या आत कापड जातं. खालचं अस्तर आणि मधले दोन असे तीन थर दोन साड्यांत बसतात. वरच्या नक्षीसाठी एक-एक फुटाचे ३५ चौकोन, पाच आडवे आणि सात उभे. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला अर्धा इंच सोडायचा, म्हणजे तेरा इंचांचा चौकोन कापायचा. पन्ह्यात तीन बसतात आणि चार मीटरमध्ये ३५ निघतात. तिसरी साडी त्यासाठी. खरं तर तिघीचौघींनी आपापल्या साड्यांचे चौकोन अदलाबदल केले की वाकळ उठून दिसते.

नऊवारी लुगडं मिळालं तर सोनंच. लांबी जास्त आणि धुऊन धुऊन आलेला मऊपणा नव्या कापडाला येत नाही. जुन्या धोतरांचे मधले थर छान होतात. दुपट्याला एक साडी पुरते : दोन्ही काठ उतरवले की उरलेल्या पन्ह्यातून तीन फुटांचे सहा तुकडे निघतात, तीन थरांची दोन दुपटी होतात. पदराला जरतार असेल तर तो तुकडा बाळाच्या दुपट्यात घालू नका, टोचतो.

घरातल्या जुन्या साड्यांत सुती किती आणि सिंथेटिक किती, हे बोटांनी नेहमी कळतंच असं नाही. कडेचा एक धागा काढून पेटवून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी धरतं. सिंथेटिक साडी वाकळीत घातली तर ती सरकते, घाम टिपत नाही, आणि इस्त्री जरा तापली की चिकटते. तसल्या साड्या बोहारणीला द्या, चांगलं भांडं तरी येईल.

घरचं कापड कमी पडलं तर दोन वाटा आहेत. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या घाऊक बाजारात कटपीस मिळतात. बाराजणींची खरेदी एकदम केली तर भाव करता येतो, एकटीने गेलं तर दुकानदार मान वर करून बघतही नाही. दुसरी वाट इचलकरंजीची. तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे सगळं गावच मागांचं झालं. अस्तराला लागणारं साधं सुती कापड, पॉपलिन, मांजरपाट घ्यायला ती जागा बरी. मात्र कोरं कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात भिजवून धुवा. त्यातली खळ निघाल्याशिवाय सुई शिरत नाही, आणि न धुता शिवलेली वाकळ पहिल्या धुण्यात आटून सुरकुतते. गडद लाल आणि निळ्या तुकड्यांवर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा बाजूला ठेवा.

एक गोष्ट मनाची. कुणीतरी गेलेल्या आईचं लुगडं घेऊन येतेच. कापायची वेळ आली की तिचे हात थांबतात. अशा वेळी घाई करणारी बाई गटात असू नये. आम्ही दोनदा विचारतो, "कापू का?" दोन्ही वेळा 'हो' आलं तरच कात्री लावतो. नाहीतर ते लुगडं फार न कापता अस्तराला घालता येतं, रोज अंगाला लागतंही आणि चौकोनांत तुकडे तुकडे होतही नाहीत.

महिना कुठला धरायचा

वाकळा उन्हाळ्यात शिवायच्या ही जुनी रीत. रानातली कामं संपलेली असतात, ऊन कडक असतं, आणि पाऊस यायच्या आत पांघरूण तयार हवं. पण मे महिन्यात कोल्हापूरच्या दुपारी अंग चिकचिकतं, धाग्याला घाम लागतो. त्यात चारच्या सुमाराला वळीव आला की वीज गेलीच. उन्हाळ्यात करणार असाल तर मशीन आणि इस्त्रीचं काम सकाळी आटपा आणि दुपारनंतर फक्त हातशिलाई ठेवा.

माझं मत विचाराल तर पौष. साधारण डिसेंबर-जानेवारीत येतो, कधी फेब्रुवारीपर्यंत लांबतो. हवा कोरडी, ऊन मऊ, आणि लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसल्यामुळे मंगल कार्यालयं रिकामी असतात. एरवी फोनवर नीट न बोलणारा व्यवस्थापक पौषात स्वतःहून भाव उतरवतो. पितृपंधरवड्यात आणि अधिक महिन्यातही तसंच, पण पितृपंधरवड्यात पाऊस मागे असतो आणि पुढे नवरात्राची धुणी आ वासून उभी, म्हणून बायका येत नाहीत.

टाळायचे दिवसही वहीत लिहून ठेवा. नवरात्रात शहरात राहायला जागा मिळत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाचे (मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात ते) दिवस, म्हणजे ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, गर्दीचे. जोतिबाची चैत्र यात्रा आणि एरवीचे रविवारही, कारण पन्हाळ्याच्या बाजूची वाहतूक तिथेच अडकते. नृसिंहवाडीला पौर्णिमा टाळा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या कुठल्याही गावात मुक्काम धरू नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. भिजलेल्या वाकळीचं ओझं काय असतं ते शिरोळ भागातल्या बायकांना विचारा.

मशीनचा दिवस शहरातच

मुक्कामाला निघायच्या आधी एक दिवस चौकोन आणि थर मशीनवर जोडून घ्यायचे. त्यासाठी आम्ही सुरुवातीला बारा मशिनी गोळा करायला निघालो होतो. गरजच नव्हती. ३५ चौकोन जोडायला सगळी मिळून साठेक फूट टीप लागते. वेळ जातो तो कापण्यात, लावण्यात आणि इस्त्रीत. तीन वाकळींच्या वरच्या बाजू आणि थर जोडायला दोन मशिनी बक्कळ झाल्या. दोघी मशीनवर, बाकीच्या दहाजणी कापायला, चौकोन जमिनीवर मांडून रंग जुळवायला आणि शिवण दाबायला. दोन मशिनी म्हणजे कुणाच्या तरी रिक्षातून येतात, टेम्पो लागत नाही. त्यातलं एक हातमशीन असेल तर उत्तम. वीज गेली तरी ते चालतं.

जागेसाठी लांब जाऊ नका. कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आणि मंडळांची सभागृहं आहेत, देवळांचे सभामंडप आहेत, समाजमंदिरं आहेत. वस्तीतल्या कुणाची तरी ओळख निघतेच. जिल्हा परिषदेची शाळा रविवारी मिळू शकते. त्यासाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांना लेखी अर्ज द्या, आणि निघताना वर्ग झाडून, बाकं जागच्या जागी लावून द्या. पुढच्या वेळी अर्ज लवकर पास होतो.

जागा बघायला जाताना तीन गोष्टी बघा. फरशी : वाकळ जमिनीवरच पसरते, तेव्हा पाच बाय सातच्या तीन वाकळा आणि भोवती बसायला जागा, म्हणजे खोली किमान वीस बाय वीस फूट. उजेड : खिडक्या पूर्वेला किंवा उत्तरेला असतील तर डोळ्यांवर ताण येत नाही. आणि वीज. ही तिसरी गोष्ट कुणी बघत नाही. साधा सॉकेट सहा अँपिअरचा असतो, त्यावर जेमतेम एक इस्त्री चालते. मशीनची मोटर थोडीच वीज खाते, तिची काळजी नको. पण इस्त्री ७५० ते १००० वॅटची असते. दोन इस्त्र्या एकाच बोर्डावर किंवा एकाच एक्स्टेंशनवर लावल्या की आमचं पन्हाळ्यावर झालं तेच होतं. इस्त्री वेगळ्या भिंतीवरच्या मोठ्या सॉकेटवर लावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी सगळं कापड कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे टाका. बाराजणींत वाटून खर्च जाणवतही नाही, आणि सकाळी थेट कात्रीला सुरुवात होते.

कापायला गोल पात्याचा रोटरी कटर आणि खाली घालायची मॅट असेल तर काम फार भराभर होतं. हे अवजार जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणलं आणि जगभर क्विल्ट करणाऱ्या बायकांनी कात्री बाजूला ठेवली. एकटीने घ्यायला महाग वाटतं, पण सावडीच्या पैशातून एक संच घेतला की वर्षानुवर्षं पुरतो. हातातून खाली ठेवताना पात्यावर टोपण सरकवायचंच. नाही सरकवलं तर दंड म्हणून सगळ्यांचा चहा, असा आमचा नियम आहे. लहान मुलं आसपास असतात.

दिवसअखेर तिन्ही वाकळींचे थर एकमेकांवर पसरून कच्चे टाके घालून ठेवा. ही पायरी मुक्कामाच्या ठिकाणी करायला घेतली तर अर्धा दिवस तिथेच जातो. अस्तर उलटं पसरायचं, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (पाटा-वरवंटा सगळ्यात भारी, नाहीतर पाण्याचे तांबे), त्यावर मधले थर, त्यावर नक्षीची बाजू. तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत जायचं. मग विताविताच्या अंतरावर मोठे कच्चे टाके. पांढऱ्या कापडावर लाल दोरा वापरा, नंतर काढताना शोधावा लागत नाही. गुंडाळी करून जुन्या चादरीत बांधा.

मुक्काम : दोन दिवस फक्त सुई

कच्चे टाके घातलेल्या तीन वळकट्या, सुया, दोरे आणि बारा माणसं. मशीन नाही, इस्त्री नाही. एवढंच सामान असलं की एसटीने जाता येतं, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच गळतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. गटात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी असतील तर त्यांना तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. निवासाच्या ठिकाणीही सगळ्यांची ओळखपत्रं मागतात, तेव्हा छायाप्रती आधीच एका पिशवीत घालून ठेवा.

पन्हाळा कोल्हापूर शहरापासून वीसेक किलोमीटर. शनिवार-रविवारी पर्यटक असतात, म्हणून जमत असेल तर मधले वार घ्या. नृसिंहवाडीला भक्तनिवासात स्वस्तात सोय होते आणि जेवणाचा प्रश्न मिटतो, पण शिवायला मोठी मोकळी खोली मिळेल का, ते आधी जाऊन बघा. कॉट लावलेल्या खोल्यांत वाकळ पसरत नाही. शिवाय ऊस हंगामात त्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, उजेडी पोहोचा. तिसरा पर्याय म्हणजे गटातल्याच कुणाचं गावाकडचं घर. पुढचा सोपा (पडवी) मोठा, अंगण मोठं, भाडं शून्य. पण मग त्या घरच्या बाईवर स्वयंपाक पडता कामा नये. ती वाकळ शिवायला आलेली आहे, बाराजणींच्या भाकरी थापायला नव्हे. गावातल्या बचत गटाला जेवणाचं काम द्या.

जेवणावरून आठवलं. दुपारी पिठलं-भाकरी, आमटी-भात असलं साधं ठेवा. तांबडा-पांढरा रस्सा रात्री, काम थांबल्यावर. दुपारी तो खाल्ला की तीन वाजता वाकळीवरच आडव्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि भडंग शिवणाच्या खोलीत आणायचं नाही. तेलाहळदीची बोटं पांढऱ्या चौकोनावर उमटली की निघत नाहीत. गूळ-शेंगदाणे, केळी चालतात. चहा खोलीबाहेर, ओसरीवर.

शिवताना कडेपासून आत जा. आपल्या शेजारी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, त्याही बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मधे येतात. ही रीत गटाला सोयीची, कारण चौघी चार बाजूंना बसतात आणि कुणाचा हात कुणाच्या आड येत नाही. कोपऱ्यावर आलं की दोरा शेजारणीकडे न देता आपली ओळ वळवून थोडी पुढे न्यायची आणि तिने तिथून उचलायची, म्हणजे जोड दिसत नाही. प्रत्येकीचा टाका वेगळा येणारच. तो उसवून सारखा करत बसू नका.

सुया मोजून द्या आणि मोजून घ्या. हा नियम मी भांडून पाळायला लावते. एकदा दुपटं तयार झालं, घडी घातली, आणि हाताला टोचलं म्हणून उसवलं तर आत सुई. त्या दिवसापासून सकाळी प्रत्येकीला तीन सुया, रात्री तीन परत. मोडलेली असेल तर दोन्ही तुकडे परत. एक लोहचुंबक जवळ ठेवा आणि उठण्याआधी सतरंजीवरून फिरवा.

वय झालेल्यांना दोरा ओवता येत नाही, पण टाका त्यांचाच सुबक असतो. सोबत आलेल्या शाळकरी पोरांना ओवणीचं काम द्या. वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायच्या. पोरं शर्यत लावतात. अंगुस्तान (बोटात घालायची टोपी) प्रत्येकीला हवंच, चार थरांतून सुई ढकलताना बोटाची चाळण होते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चौरंग द्या, आणि तासातासाला सगळ्यांनी उठायचं. आमच्याकडे कुणीतरी फुगडी घालतेच, कंबर मोकळी होते.

शिकवणारीला पैसे द्या

वाकळ शिवणाऱ्या जाणत्या बायका अजून वाडीवस्तीवर आहेत. त्यांना बोलवायचं, दोन दिवस शिकवून घ्यायचं आणि निघताना नारळ आणि ब्लाउजपीस देऊन ओटी भरायची, हा प्रकार मला अजिबात पसंत नाही. एका मावशींना बोलवायला गेलो तर त्यांनी तोंडावर सांगितलं, "मी येतो की. पर नारळानं पोट भरत न्हाई, पोरी." बरोबरच होतं. त्यांचा दोन दिवसांचा रोज बुडतो. मानधन आधी ठरवा, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा द्या, आणि ओटी त्यावर.

पैशाचा तक्ता

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या वेळचे घालून घ्या. मुक्कामी शिबिराला माणशी राहणं ४००, जेवण आणि चहा ४२०, एसटी ८०, दोरा-सुया ६०, मावशींचं मानधन तीन हजार धरून वाटणी २५०, आणि अडीअडचणीला ४०. बेरीज १२५० रुपये.

एकदम एवढे काढायचे म्हटलं की निम्म्या जणी 'घरी विचारून सांगते' म्हणतात. म्हणून महिन्याला दोनशेची भिशी. वर्षाचे माणशी २४०० होतात. त्यातून पौषातला एक मुक्काम निघतो आणि ११५० उरतात. बाकीच्या तीन बैठका शहरातच, प्रत्येकी दोन रविवार, घरून डबा. म्हणजे सहा रविवारांना माणशी १९० रुपये. मंडळाचं सभागृह, चहा, दोरा आणि इस्त्री त्यात बसते. थरांचं जोडकाम तेव्हा आधल्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी दोघीतिघींनी उरकून घ्यावं लागतं.

पैसे एकीने ठेवायचे आणि वही दुसरीने लिहायची. दोन्ही एकीकडे दिलं की तिच्यावर उगाच संशय येतो, मग बाई चांगली असूनही जाते. पावत्या वहीतच डकवा. बैठक संपली की त्याच दिवशी, चहा पिता पिता, हिशेब मोठ्याने वाचून दाखवा.

वाकळ घरी जाताना

शेवटचा दोरा तोडला की कच्चे टाके काढा, कडेला गोट (कापडाची पट्टी) लावा आणि एका कोपऱ्यात चौघींची नावं आणि महिना दोऱ्याने घाला. चुंबक पुन्हा एकदा फिरवा. घरी गेल्यावर गच्चीवर एक दिवस कडक ऊन द्या आणि मग वापरायला काढा. ठेवणीत टाकणार असाल तर कडुनिंबाचा वाळलेला पाला घडीत घाला. पहिलं धुणं गार पाण्यात, एकटं. चार थर पाणी पितात आणि ओली वाकळ एकट्या बाईला पिळवत नाही. नवरात्राच्या धुण्याला ती काढाल तेव्हा दुसऱ्या टोकाला धरायला कुणीतरी लागेल, ते गटात आधीच सांगून ठेवा.